खोकल्याचे प्रश्न: औषधाच्या दुकानात रोज विचारले जाणारे

"भाऊ, खोकल्याची एक चांगली बाटली द्या." पावसाळा सरताना आणि थंडी पडायला लागली की हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. कोणाला, किती दिवसांपासून, ताप आहे का, असं विचारलं की गिऱ्हाईक वैतागतं. त्याला बाटली हवी असते, चौकशी नको असते. पण बहुतेक खोकल्यांना बाटली लागतच नाही, आणि ज्यांना खरोखर औषध लागतं त्यांचं औषध बहुधा त्या बाटलीत नसतं. म्हणून नेहमीचे प्रश्न एकदाच लिहून काढले. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही; जिथे तपासून घ्यायलाच हवं तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

ताप गेला, सर्दी गेली, खोकला मात्र हटत नाही. काही बिघडलंय का?

बहुधा नाही. विषाणू निघून जातो, पण श्वासनलिकेचं आतलं अस्तर काही दिवस हुळहुळं राहतं. मग फोडणीचा ठसका, अगरबत्तीचा धूर, गार वारा, जोरात हसणं, एवढंही ढास लागायला पुरतं. खोकला आठवडाभरात जाईल असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात छातीत उतरलेल्या साध्या सर्दीचा खोकला सरासरी अडीच आठवडे टिकतो. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ फ्लूची साथ आली तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननेही हेच सांगितलं होतं: ताप तीन दिवसांत जाईल, खोकला तीन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

घोळ या अपेक्षेमुळे होतो. पाचव्या दिवशी एक डॉक्टर, दहाव्या दिवशी दुसरे, पंधराव्या दिवशी शेजारच्या काकूंचा काढा. अठराव्या दिवशी खोकला आपल्या वेळेने जातो आणि श्रेय काकूंना मिळतं.

तेव्हा दिवसांसोबत दिशाही बघा. रोज थोडा कमी होतोय ना? मग थांबा. कमी होऊन पुन्हा ताप चढला, किंवा वाढतच चालला, तर दाखवा. आणि दोन आठवड्यांचा एक वेगळा नियम आहे, तो खाली टीबीच्या प्रश्नात वाचा.

खोकला येतो तरी कशामुळे?

घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या यांमध्ये संवेदना टिपणारी टोकं असतात. धूळ, कफ, आम्ल, काहीही टोचलं की तिथून व्हेगस नावाच्या नसेमार्फत मेंदूकडे निरोप जातो. आपण श्वास आत ओढतो, स्वरयंत्राचं दार बंद होतं, छातीत दाब वाढतो आणि दार उघडताच हवा वेगाने बाहेर पडते. याच व्हेगसची एक फांदी कानाच्या नळीतही जाते. कानात काडी घातली की काहींना ठसका लागतो तो त्यामुळे.

खोकला हा राखणदार आहे. अर्धांगवायू झालेल्या किंवा भूल दिलेल्या माणसाचा खोकला मंदावतो, तेव्हा अन्न आणि लाळ फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. म्हणून तो सरसकट बंद पाडण्याची घाई नको.

बेडका पिवळा-हिरवा पडतोय. अँटिबायोटिक द्या ना तीन गोळ्यांची ती पट्टी.

हा रंग जंतूंचा नसतो, आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. त्यांच्यात हिरवट रंगाचं एक एन्झाइम असतं, आणि साध्या विषाणूच्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी कफ पिवळा होतो. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक घेऊ नये.

त्या पट्टीवर लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही, असा तिचा अर्थ. "मागच्या वेळी याच गोळीने बरं वाटलं होतं" हे मी रोज ऐकतो. मागच्या वेळीही बहुधा खोकल्याचे दिवस भरले होते. कफ गंजाच्या रंगाचा असेल, त्यात रक्त असेल, किंवा थंडी वाजून ताप आणि श्वास घेताना छातीत कळ असेल, तर मात्र प्रश्न वेगळा. तिथे दुकान ही जागाच नव्हे.

घरच्या उपायांत खरोखर कशाचा उपयोग होतो?

मधाचा. आजीच्या बटव्यातल्या ज्या गोष्टी चाचण्यांत बऱ्यापैकी टिकल्या त्यांत मध वरच्या क्रमांकावर आहे. मुलांचा रात्रीचा खोकला त्याने थोडा कमी होतो आणि घरातल्यांना झोप लागते. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक छोटा चमचा, मोठ्यांना दोन चमचे. नुसता चाटवा किंवा कोमट पाण्यातून द्या. आल्याचा रस दोन-चार थेंब घातला तर चालतं. जास्त घातलात तर मूल तोंड वेंगाडून सगळं बाहेर काढेल आणि मग मधही जाईल. मधुमेह्यांनी मध म्हणजे साखरच समजावी.

एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. बोटाला लावूनही नाही. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. घुटी मधात उगाळून देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. घरातल्या मोठ्यांना हे सांगणं अवघड जातं, पण सांगा.

दुसरं, कोमट पाणी. दिवसभर थोडं थोडं. साधं पाणी, पातळ वरण, टोमॅटोचं सार, गवती चहा, काहीही. ओला घसा कमी खवखवतो.

तिसरं, गुळण्या. एक पेला कोमट पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ. खोकल्यापेक्षा घशाला आराम. ज्या मुलाला पाणी थुंकता येत नाही त्याला सांगू नका.

चौथं, तोंडात काहीतरी धरून ठेवणं: खडीसाखर, लवंग, ज्येष्ठमधाची काडी. लाळ सुटते, घसा ओला राहतो, ढास लांबते. लिमलेटच्या गोळीनेही थोडंफार हेच होतं. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला चघळायची कडक गोळी देऊ नका, घशात अडकते.

वाफ किती वेळा घ्यावी?

मोठ्यांनी हवी तर घ्यावी. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. आजाराचे दिवस काही कमी होत नाहीत. त्यात बाम टाकायची गरज नाही.

मुलांना पातेल्यावर चादर घेऊन बसवू नका. उकळतं पाणी मांडीवर सांडून भाजण्याचे प्रकार दर थंडीत होतात. आंघोळ झाल्यावर गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात दहा मिनिटं मुलाला कडेवर घेऊन बसलात तरी तेवढंच काम होतं.

अडुळसा, सितोपलादी, काढे: किती खरं, किती खोटं?

अडुळशाची गोष्ट मला आवडते. त्याच्या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य आहे. त्यावरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, आणि त्या ब्रोमहेक्सिनचं शरीरात जे रूपांतर होतं ते अँब्रोक्सॉल. म्हणजे "पाल्याचं काही नको, इंग्रजी औषध द्या" म्हणणारा माणूस अडुळशाचा नातूच घेऊन जात असतो. याचा अर्थ परसातल्या पाल्याचा रस डोळे मिटून प्यावा असा नाही. गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

सितोपलादी चूर्णात खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलदोडा आणि दालचिनी १६:८:४:२:१ या प्रमाणात असते. म्हणजे निम्म्याहून जास्त साखर. मधातून चाटलं की चव छान लागते, घशालाही बरं वाटतं, पण मधुमेही माणूस "आयुर्वेदिकच आहे" म्हणून दिवसातून चार वेळा चाटत असेल तर हिशेब धरायला हवा.

ज्येष्ठमध अधूनमधून ठीक. रोज भरपूर, आठवडेच्या आठवडे घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपी आणि हृदयाच्या रुग्णांनी लांब राहावं.

काढ्याचं म्हणाल तर आलं, तुळस, गवती चहा, दोन मिरे एवढ्यावर थांबा. कोरोनाच्या काळात लोकांनी दिवसातून पाच-पाच वेळा मिरी-दालचिनीचा कडक काढा पिऊन पोटात आग पाडून घेतली होती. आम्लपित्त वाढलं की खोकलाही वाढतो.

दही, केळं, भात बंद करायचा का?

ज्याने त्रास वाढतो असं तुम्हाला स्वतःला दिसतं ते टाळा. बाकी मुलाचं जेवण तोडू नका. आजारात आधीच भूक मेलेली असते, त्यात केळं बंद, दही बंद, भात बंद, मग खायचं काय त्याने? दुधाने कफ "तयार" होत नाही. ते लाळेत मिसळून घशात जरा दाट वाटतं, एवढंच. हळदीचं दूध गरम असतं, गोड असतं आणि आई करून देते. एवढ्याने बरं वाटत असेल तर अवश्य प्यावं.

रात्री आडवं झालं की ढास का लागते?

नाकातला शेंबूड मागच्या मागे घशात उतरतो. पोटातलं आम्लही वर येतं. एक जादा उशी, रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास, पंख्याचा झोत तोंडावर नाही, डासांची उदबत्ती बंद आणि मच्छरदाणी लावलेली: एवढं आधी करून बघा.

रात्री दोन-तीनच्या सुमारास रोज खोकल्याने जाग येते, छातीत शिट्टी वाजते, तर दम्याचा संशय घ्या. आणि वयस्कर माणसाला आडवं पडताच धाप लागून उठून बसावं लागत असेल, पायांवर सूज असेल, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. सिरप देऊन सकाळची वाट बघू नका.

मग बाटल्यांमध्ये असतं काय?

ढोबळमानाने तीन गोष्टी. खोकला दाबणारी (डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कोडीन), कफ पातळ करणारी (अँब्रोक्सॉल, ग्वायफेनेसिन), आणि सर्दीवरची, झोप आणणारी (क्लोरफेनिरामिन). पुष्कळ बाटल्यांत दाबणारं आणि बाहेर काढायला मदत करणारं एकत्रच घातलेलं असतं. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यासारखं. साध्या सर्दीच्या खोकल्यात यांचा फायदा फार थोडा आहे. कोरड्या खोकल्याने मोठ्या माणसाची झोपच उडाली असेल तर दोन-तीन रात्री दाबणारं औषध घ्यायला हरकत नाही. भरपूर कफ पडत असेल तर ते दाबू नका. झोप आणणारं सिरप पिऊन गाडी चालवू नका. आणि कोडीनची सवय लागते. पोरंटोरं उगाच मागायला येत नाहीत.

मुलाला कोणतं सिरप द्यावं?

कोणतंच नाही, डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात वीसहून अधिक लहान मुलं खोकल्याच्या सिरपने दगावली. त्यांतल्या अनेकांना शेवटच्या टप्प्यात नागपूरला आणलं होतं. साधी सर्दी-खोकल्याची मुलं, पण सिरप घेतल्यावर लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं, मर्यादा ०.१ टक्के आहे. हे औद्योगिक वापराचं द्रावण दिसायला आणि चवीला औषधात वापरायच्या द्रावणासारखंच असतं, म्हणून भेसळ जिभेला कळत नाही. गाम्बियात २०२२ मध्ये हेच झालं. आणि आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये अशाच दूषित ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले, त्यावर न्या. लेंटिन आयोग बसला. म्हणजे हे विष महाराष्ट्राला नवीन नाही.

छिंदवाड्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती सहसा देण्यासारखी नाहीत. पण भेसळ नसलेल्या बाटलीचंही तेच. लहान मुलांत फायदा दिसत नाही. झोप, चिडचिड, हृदयाची धडधड हे तोटे दिसतात. मोठ्याचं सिरप "अर्धा चमचा" करून देणं तर मुळीच नको. मूल खेळतंय, खातंय, लघवी नेहमीसारखी होतेय, तर मध, पाणी आणि नाकात मिठाच्या पाण्याचे तयार मिळणारे थेंब पुरेत.

तान्ह्या बाळाला छातीत कफ आहे. नाकात तेल घालू का?

नाकात तेल, तूप, दूध काहीही घालू नका. ते थेट फुप्फुसात उतरतं आणि तिथे बसतं; त्यापासून होणारा न्यूमोनिया हटवणं कठीण. कापराची वडी उशाशी किंवा दुपट्यात ठेवू नका. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येतात. कापूर असलेले बामही दोन वर्षांखाली नकोत. ब्रँडीचा थेंब, पोटावर चटके, हे प्रकार अजून कानावर येतात. ते करणाऱ्या घरातून बाळ उचलून सरळ दवाखान्यात न्यावं.

दोन-तीन महिन्यांखालच्या बाळाचा खोकला घरी सांभाळायचा नसतो. अंगावरचं दूध चालू ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा.

मुलाला दम लागतोय हे ओळखायचं कसं?

हे शिकून ठेवा. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगावरचा कपडा वर करा. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो.

दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त: हा जागतिक आरोग्य संघटनेचा जलद श्वासाचा हिशेब आहे. एवढा श्वास चालत असेल तर न्यूमोनियाचा संशय धरून लगेच दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल कण्हत असेल, पीत नसेल, ओठ निळसर असतील, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दाईंना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. आकडे नीट मोजता न येणाऱ्यांसाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं साधन बनवलं. मुलांचे मृत्यू घटले, आणि १९९० मध्ये ते काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. स्टेथोस्कोप न लावता एवढं कळतं, मग आपल्याकडे तर मोबाइलमध्ये सेकंदकाटा आहे.

खेळता खेळता एकदम ठसका लागला आणि तेव्हापासून खोकतोय.

शेंगदाणा, फुटाणा, मण्याचा दाणा, काहीतरी श्वासनलिकेत गेलं असणार. ठसका थांबला तरी दाखवाच. दाणा आत राहून महिनाभराने न्यूमोनिया म्हणून समोर येतो. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, घशात बोट घालू नका. आवाजच फुटत नसेल तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं धरून पाठीवर पाच थापा आणि उताणं करून छातीवर दोन बोटांनी पाच दाब. मोठ्या मुलाला मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर झटके. एकाने १०८ लावायचा.

बाबांना बीपी आहे, दोन महिने कोरडा खोकला. सगळी औषधं झाली.

गोळ्यांची पट्टी घेऊन या. नाव "-प्रिल" ने संपतंय का? रॅमिप्रिल, एनालाप्रिल वगैरे गोळ्यांनी काहींना घशात गुदगुल्या होऊन कोरडा खोकला येतो, कधी गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी. कितीही सिरप प्या, हटत नाही. डॉक्टर गोळी बदलून देतात आणि एक ते चार आठवड्यांत बहुतेकांचा खोकला जातो. स्वतः बंद करू नका, बीपी चढेल.

दोन आठवडे झाले. टीबी तर नसेल?

दोन आठवड्यांवरच्या खोकल्यात थुंकीची तपासणी करायची, असा आपल्या देशाचा नियम आहे. बहुतेकांची थुंकी निर्दोष निघते. तरी करायची, कारण ज्यांना असतो त्यांचे पुढचे महिने आणि घरातल्यांचे श्वास त्यावर अवलंबून असतात. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं, थुंकीत रक्त, घरात कोणाला टीबी होता, यांतलं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. मधुमेह किंवा एचआयव्ही असेल तरी लवकर.

सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेत दरमहा १००० रुपये खात्यात येतात. माहितीचा क्रमांक १८००-११-६६६६. नमुना सकाळी उठल्यावर, साध्या पाण्याने चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेला हवा. डबीत नुसती लाळ गेली तर तपासणी फुकट जाते. आणि त्याआधी कोणाकडून लेव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिकची गोळी घेऊन बसू नका. ती टीबीला अर्धवट दाबते आणि निदान लांबतं.

थुंकी ठीक, एक्स-रे ठीक, तरी महिनोन्‌महिने खोकला.

आठ आठवड्यांच्या वर गेला की तो जुनाट. नाकाची ॲलर्जी, दमा आणि आम्लपित्त ही नेहमीची तीन कारणं. शिट्टी न वाजता नुसत्या खोकल्याच्या रूपातही दमा असतो. डॉक्टर पंप देतात आणि लोक दुकानात येऊन विचारतात, "सवय लागेल ना? त्यापेक्षा गोळी द्या." साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असतात, गोळीत २ ते ४ मिलिग्रॅम. म्हणजे गोळी वीस ते चाळीस पट, आणि सगळ्या अंगभर.

बिडी-सिगारेट आहेच. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, कधी विडी न ओढलेल्या बाईची फुप्फुसंही तशीच खराब होतात. कामावरची धूळही विचारात घ्या: दगडखाण, कापसाचं जिनिंग, पिठाची गिरणी. आणि खिडकीतली कबुतरं. दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये बंद केल्यावर केवढं रण माजलं, पण कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हे छातीच्या डॉक्टरांना ठाऊक आहे.

दवाखान्यात जाताना काय सांगायचं?

किती दिवस झाले, दिवसा जास्त की रात्री, कफ पडतो का आणि कसा, ताप मोजला असेल तर आकडा, चालताना धाप लागते का, वजन उतरलंय का. चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, काढे-चूर्णंही. ऑक्सिमीटर घरात असेल तर विश्रांतीत ९४ च्या खाली आकडा दिसला की वेळ न घालवता निघा. बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर दुसऱ्या बोटावर लावून खात्री करा. आणि त्या रांगेत बसताना मास्क लावा, शेजारच्या बाकावर कोणाचं तरी तान्हं बाळ असतं.